उधारीची वही आणि संपाची नोंद



मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज केलेल्या कुटुंबांची कागदपत्रे तपासली जात होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या संस्थेत येणाऱ्या पाच-सहा वृद्ध बायकांना घेऊन मी एका कचेरीत गेले होते. त्यांतल्या एक आजी मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. नवरा साचा खात्यात होता. १९८२ च्या संपानंतर त्याला पुन्हा कामावर घेतले नाही आणि काही वर्षांनी तो वारला. आजींनी कापडी पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर ठेवला. गिरणीचे तिकीट, ईएसआयचे कार्ड, फंडाची स्लिप, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. सगळ्यात शेवटी त्यांनी एक वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कडा कसरीने खाल्लेली. साहेबांनी दोन पाने उलटली आणि वही परत सरकवली. "आजी, याचं इथं काही काम नाही."

"साहेब, संपाचा सगळा हिशोब त्यात हाय," आजी म्हणाल्या.

वही खानावळीच्या उधारीची होती. आजी चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-सोळा गड्यांचा डबा करत. त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हते. अक्षर त्यांच्या मुलीचे, तेव्हा ती सहावीत होती. जानेवारी १९८२ पासून एकेका माणसाच्या नावापुढे महिन्याचे पैसे मांडलेले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. काही नावांपुढे 'निम्मे दिले', काहींपुढे 'गावी गेला'. जूनच्या पानावर 'बांगड्या' एवढा एकच शब्द आणि एक आकडा. मी विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, "माझ्याच. सावकाराकडं ठिवल्या व्हत्या. सोडवायचं झालं न्हाई."

नियमाप्रमाणे साहेबांचे काही चुकले नव्हते. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, तो कामगार किंवा त्याचे वारस घरासाठी पात्र. जिने त्या कामगाराला आणि त्याच्यासारख्या पंधरा जणांना संपात सहा महिने जेवू घातले, ती फक्त 'वारस'. वही हा पुरावा नव्हे. पण परतीच्या बसमध्ये ती वही माझ्या मांडीवर होती आणि माझ्या डोक्यातून एक प्रश्न जात नव्हता. ही जर संपाची नोंद नसेल, तर मग संपाची नोंद म्हणजे काय? ती कोण ठेवते, कशाची ठेवते आणि तिच्यात कोण मोजले जाते? हा अंक हाती घेताना मला तोच प्रश्न तुमच्यापुढे मांडायचा आहे.

आपल्याकडे संपांच्या सरकारी नोंदी नाहीत असे मुळीच नाही. मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस सुरू केले आणि त्याच वर्षापासून 'लेबर गॅझेट' हे मासिक निघू लागले. जुने अंक चाळले की तक्त्यांमागून तक्ते दिसतात. गिरणीचे नाव, संपावर गेलेल्यांची संख्या, संप सुरू झाल्याची आणि मिटल्याची तारीख, कारण, निकाल. कारणांचेही ठरावीक रकाने असत: पगार, बोनस, माणसे काढणे-घेणे, रजा आणि कामाचे तास, आणि उरलेले सगळे 'इतर'. निकाल मालकाच्या बाजूने, कामगारांच्या बाजूने की तडजोडीने, एवढे एका शब्दात. अभ्यासकांना हे तक्ते म्हणजे मोठे घबाड, यात शंका नाही. त्यांच्यामुळेच आपल्याला कळते की १९२८ चा गिरण्यांचा सार्वत्रिक संप एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मिटला, दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते आणि दोन कोटींहून अधिक कामाचे दिवस बुडाले.

या बुडालेल्या दिवसांना इंग्रजीत 'मॅन-डेज' म्हणतात, मराठी अहवालांत 'मनुष्यदिन'. शब्दावरून भांडायचा माझा हेतू नाही. पण हे दिवस मोजतात कसे ते पाहा. गिरणीत जो कामावर आला नाही त्याचा दिवस बुडाला. त्याच दिवशी जिने घरी चूल पेटती ठेवण्यासाठी चार घरची भांडी घासली, वाण्याकडे हात जोडले, गावाहून आलेले तांदूळ पुरवून पुरवून वाढले, तिचा दिवस बुडालाही नाही आणि भरलाही नाही. तो दिवस मोजायला रकानाच नाही. संप किती दिवस चालला हे तक्ता सांगतो, तो इतके दिवस कसा चालू शकला हे सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या गटांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. आपल्या देशात संप आणि टाळेबंदीची जी आकडेवारी गोळा होत आली, तिच्यात दहापेक्षा कमी कामगारांचा संप धरत नाहीत. सहानुभूतीचा संपही धरत नाहीत. म्हणजे एका सोसायटीतल्या आठ घरकामगार बायांनी मिळून पगारवाढीसाठी चार दिवस काम बंद ठेवले, तर देशाच्या हिशोबी तिथे काही घडलेच नाही. पापड लाटणाऱ्या, घरी विडी वळणाऱ्या, धागे कापणाऱ्या बाया घरोघर विखुरलेल्या असतात. त्यांनी हात थांबवले तर कोणत्या दाराला कुलूप लागते? म्हणून त्यांचा संप नोंदीत शिरायलाच अडचण. बाया लढत नाहीत असे आपल्याला जे ऐकवले जाते, त्यातले निम्मे तरी या मोजणीच्या पद्धतीतून आलेले आहे असे मला वाटते.

पण बायका गिरण्यांच्या आतही होत्याच ना, असे कोणी म्हणेल. होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई होती. बहुतेकजणी वाइंडिंग आणि रीळिंग खात्यात, मजुरी कामावर, म्हणजे जितके सूत गुंडाळाल तितके पैसे. त्यांच्यावर नायकीण असे. तिचे आणि बायांचे नाते कधी मायेचे, कधी दस्तुरीचे. या बाया गप्प नव्हत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची मोठी सभा भरवली. दहा हजार कामगार जमले होते आणि मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. जूनमध्ये मालकांनी सुट्टी मान्य केली. आज रविवारी आपण घरी असतो, त्यामागे त्या दोघींचेही शब्द आहेत. लोखंड्यांचे नाव, सभेची तारीख, माणसांची संख्या हे सगळे कामगार चळवळीच्या पुस्तकांत सापडते. मी वाचली त्या पुस्तकांत या दोघींचा उल्लेख आहे तो 'दोन स्त्रिया' एवढाच. पुढच्या वेळी कोणत्याही सभेच्या वृत्तान्तात 'काही महिलांनीही मनोगत व्यक्त केले' असे लिहायला हात सरसावला, तर या दोघींची आठवण ठेवा.

१९२८ च्या संपाचे एक मोठे कारण म्हणजे कामगारांवर वाढवलेला कामाचा बोजा. दोन साच्यांच्या जागी तीन साचे सांभाळा, अशी सक्ती. हा मुद्दा इतिहासात ठसठशीत आला आहे. त्याच काळात रीळिंग-वाइंडिंगमधल्या बायका कमी होऊ लागल्या, त्याविषयी मात्र आकड्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. कारणे माहीत आहेत. १८९१ च्या कायद्याने बायकांच्या रात्रीच्या कामावर बंधन आले होते. पुढे गिरण्या दोन पाळ्यांत चालू लागल्या, तेव्हा हे बंधन त्यांना बाहेर ठेवायला सोयीचे झाले. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याचा पाठपुरावा केला होता. कायदा आपल्या हक्काचाच होता. पण तो झाल्यावर बाईला कामावर ठेवणे महाग पडते हा हिशोबही मालकांनी मांडला. नवे यंत्र आले की जुन्या खात्यातली बाई घरी जाई आणि नव्या यंत्रावर पुरुष उभा राही.

हे सगळे घडत असताना 'विवाद' म्हणून त्याची नोंद का झाली नसेल? मला सुचलेले एक उत्तर असे. बायका एकदम काढल्या गेल्या नाहीत, एकेक करून गेल्या. आणि एकटीचे जाणे हा कायद्याच्या दृष्टीने फार काळ वादच नव्हता. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आल्यानंतरसुद्धा, एकट्या कामगाराला काढले तर संघटनेने किंवा इतर कामगारांनी ते प्रकरण उचलून धरल्याशिवाय तो 'औद्योगिक विवाद' ठरत नसे. १९६५ साली कायद्यात कलम २-अ घातले गेले, तेव्हा कुठे हे बदलले. संघटनेत पुरुषच पुढे, प्रकरण कोणते उचलायचे हे तेच ठरवणार. मग बाईचे प्रकरण मागे राही, आणि जे प्रकरण उचललेच नाही त्याचा कागद तरी कुठून होणार? पुढे तक्त्यात फक्त एवढेच उरले: बायकांची संख्या घटली. जणू त्या स्वतःहूनच विरघळून गेल्या.

खानावळवाल्या बायांची गोष्ट याच्याही पलीकडची. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गडी त्यांच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. पगार झाला की पैसे. संप झाला की पगार नाही, पण भूक असतेच. १९७३ च्या संपात या बायांनी उधारीवर माणसे जगवली आणि स्वतः कर्जात बुडाल्या. युनियनमध्ये काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे पाहिले. संप कामगारांचा, सभा कामगारांच्या, मागण्या कामगारांच्या, आणि संप ज्यांच्या चुलीवर शिजला त्यांचे नाव कुठेच नाही, हे त्यांना खुपले. त्यातून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले, आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. म्हणजे नोंद घेणे ही काही नुसती लेखणीची गोष्ट नाही. कोणीतरी पाहिले आणि 'हेही संपाचेच काम आहे' असे म्हटले, म्हणून पुढची वाट निघाली.

तरी नऊ वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि दोन लाखांहून अधिक कामगार बाहेर पडले, तेव्हा पुन्हा तेच. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. त्यामुळे त्याला सुरुवातीची तारीख आहे, शेवटची नाही. किती घरे गावी परतली, किती बायका पहिल्यांदा घरकामाला लागल्या, किती मुलींची शाळा सुटली, याचा हिशोब आजींच्या वहीसारख्या कागदांतच सापडेल. आणि असे कागद रोज रद्दीत चालले आहेत. चाळी पडताहेत, टॉवर उभे राहताहेत, आणि खोली रिकामी करताना पत्र्याच्या ट्रंकेतले 'जुने काहीतरी' सगळ्यात आधी बाहेर फेकले जाते. लाखाहून अधिक गिरणी कामगार आणि वारसांनी घरासाठी अर्ज केले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे होती ६,९२५. अशा रांगेत एका कागदाने माणूस आत किंवा बाहेर होतो. ज्या घरात बाईने नवऱ्याचे तिकीट जपून ठेवले ते घर निदान रांगेत उभे तरी आहे. कागद जपण्याचे कामही पुन्हा बाईनेच केलेले, हेही आपण टिपून ठेवू या.

सगळेच चित्र काळे आहे असे नाही. उषाताई डांगे यांचे 'पण ऐकतं कोण?' आणि पार्वतीबाई भोर यांची 'एका रणरागिणीची हकीकत' ही आत्मकथने सत्तरच्या दशकात आली, म्हणून गिरणगावातल्या लढाऊ बाया आपल्याला आतून दिसतात. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांना बोलते केले आणि त्या आठवणींचे पुस्तक २००४ साली इंग्रजीत व पुढे मराठीतही आले. युगांतर या स्त्रियांच्या गटाने पुण्याच्या घरकामगार बायांवर १९८१ साली आणि निपाणीच्या तंबाखू कामगार बायांवर १९८२ साली माहितीपट केले. त्यांत बाया स्वतः बोलतात, आपल्या बैठका आणि आपला संप स्वतः सांगतात. फिल्मच्या त्या रिळांचे पुढे जतन झाले, म्हणून आज चाळीस वर्षांनी आमच्या शिबिरात तरुण मुली त्या पाहू शकतात.

लिहिलेल्या कागदाचे बळ काय असते याचेही एक उदाहरण देते. मुंबईतल्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यातल्या मुलीने लग्न केले की तिची नोकरी संपे, असा नियम होता. बॉम्बे लेबर युनियनने त्याविरुद्ध दाद मागितली. औद्योगिक न्यायाधिकरणात यश आले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ साली न्यायालयाने तो नियम रद्द करायला लावला. लग्न झालेल्या बाया जास्त गैरहजर राहतात, हे कंपनीचे म्हणणे न्यायालयाला पटले नाही. तो निकाल आज कोणीही काढून वाचू शकते, दाखवू शकते. त्याच काळात ज्या मुली लग्न करून मुकाट घरी गेल्या, त्यांचे काही दाखवता येत नाही.

आता आमच्याच घरातली चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय हे सगळे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीजवळच्या एका छोट्या कारखान्यात तयार कपड्यांचे धागे कापणाऱ्या तेवीस जणींनी काम बंद केले. जादा कामाचे पैसे मिळत नव्हते आणि दोघींना काढून टाकले होते. अकरा दिवस बाया दारात बसल्या. आम्ही रोज जात होतो. घोषणा होत्या, गाणी होती, फोटो होते. अकराव्या दिवशी मालक गेटवर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, दोघींना परत घेतो, थकलेले पैसेही देतो. आम्ही टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. सहा महिन्यांनी तो म्हणाला, मी असे काही बोललोच नव्हतो. बाया कधी आणि किती दिवस बाहेर होत्या, हेही त्याने नाकारले. कामगार खात्यात आम्हाला विचारले गेले, "मागणीपत्राची पोच आहे? बैठकीचं इतिवृत्त आहे? तडजोड लेखी झाली?" आमच्याकडे छत्तीस फोटो होते. एकाच्याही मागे तारीख नव्हती. मी समाजकार्याची पदवीधर. नोंदी कशा ठेवाव्यात याचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झालेले! त्या दोघी पुन्हा कामाला लागल्या नाहीत. त्यांतली एक अजून भेटते आणि काही बोलत नाही. तिचे ते न बोलणे मला पुरते.

म्हणून साहेबांना किंवा जुन्या नेत्यांना बोल लावून आपल्याला थांबता येणार नाही. त्यांनी आपल्याला मोजले नाही हे खरे. पण आपण तरी एकमेकींना मोजतो का?

या अंकाच्या निमित्ताने प्रत्येक गटाने एक वही घालावी, अशी माझी विनंती आहे. फार मोठे काम नाही. काम बंद झाले त्या दिवशी तारीख, वेळ, किती जणी, मागणी काय, हे लिहा. जे बोलणे होईल ते कोण काय म्हणाले तसे त्याच दिवशी लिहा आणि हजर असलेल्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. फोटोच्या मागे दिवस आणि नावे लिहा, मोबाइलमधले फोटो असतील तर यादी वहीत ठेवा. तडजोड तोंडी झाली असेल तर दुसऱ्याच दिवशी 'काल आपण असे मान्य केलेत' असे पत्र मालकाला पाठवा. जुन्या प्रकरणांचे कागद सरकारी कचेरीत असतील तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली मागा.

आणि आजींच्या वहीने शिकवलेले रकाने त्यात जरूर घाला. या दिवसांत घर कशावर चालले? काय गहाण पडले, काय विकले? मुले कोणी सांभाळली? घरी मारहाण वाढली का? कोणी शेजारणीने डबा दिला? आपल्या लढ्याची किंमत कुठे कुठे चुकवली गेली, हे त्याशिवाय कळणार नाही. एक काळजी मात्र घ्या. जिचे नाव उघड झाले तर तिचे काम किंवा घर धोक्यात येईल, तिला विचारल्याशिवाय नाव बाहेर जाऊ देऊ नका. वहीत नाव असू दे, छापताना झाकू या.

आजींचे घराचे प्रकरण अजून पुढे सरकलेले नाही. वहीची झेरॉक्स त्यांच्या परवानगीने आम्ही संस्थेत ठेवली आहे, मूळ वही त्यांना परत दिली. त्या दिवशी मी विचारले, "आजी, इतकी वर्षं ही का जपली? पैसे तर आता कोणी देणार नाही." त्या म्हणाल्या, "पैशाचं नव्हं गं. जेवले व्हते एवढं तरी कुटं लिवलेलं ऱ्हाऊ दे."

तुमच्याकडे, तुमच्या आईकडे, आजीकडे, शेजारच्या कुणा काकूंकडे असे काही कागद असतील तर आम्हाला कळवा. लिहिता येत नसेल तर कोणाकडून लिहवून घ्या. पुढच्या अंकात अशा नोंदींसाठी पाने राखून ठेवली आहेत. तुमच्या पत्रांची वाट पाहते.